डावा कौल

आमच्या घरी दुखण्याचे दोनच प्रकार मानले जात. एक अंगावर काढायचं, आणि दुसरं ज्यात माणूस खरोखरच उठू शकत नाही. घसा दुखणं या दोन्हींत बसत नसे, कारण ते दुखणंच नव्हतं. आम्ही माळी. पावसाळ्यात उजाडायच्या आत ओल्या मळ्यात उतरून पालक, मेथी, कोथिंबीर उपटायची, जुड्या बांधायच्या, बैलबंडी भरायची आणि बाबांनी ती आदिलाबादच्या बाजारात न्यायची. एवढ्या ओलीत सर्दी-खोकला घरच्या माणसासारखाच राहायचा. मिठाच्या गुळण्या करायच्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर आत्यापुढे जाऊन आ करायचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आली ती कायमचीच. का पटलं नाही, हे विचारायची गावात कुणाची हिंमत नव्हती. ती बोट हळदीत बुडवायची आणि घशातल्या गाठी अशा दाबायची की डोळ्यांसमोर काजवे चमकत. त्यानंतर घसा दुखत असला तरी कुणी तसं बोलून दाखवत नसे.

घरात आवाज फार. विहिरीवरची मोटार करंट येईल तेव्हा सुरू व्हायची आणि ती सुरू झाली की जेवत असलेला माणूससुद्धा ताटावरून उठून पळायचा, कारण करंट कधी जाईल याचा नेम नसे. पलीकडच्या रस्त्यावरून नागपूरकडे जाणारे ट्रक दिवसभर घुमत राहायचे. शेजारच्या घरी रेडिओवर तेलुगू बातम्या लागत. आमच्या घरी आमची मराठी, बाजारात तेलुगू, आणि व्यापारी भेटला की हिंदी. जी भाजी घरात अंबाडी असायची तीच बाजारात गोंगुरा होऊन दोन पैसे जास्त आणायची. माय सकाळी ज्वारीच्या भाकरी थापायला बसली की त्या थापण्याच्या आवाजावरून तिचा आजचा राग कळायचा. मला तो आवाज अजून आठवतो, कारण त्या वर्षी मी तो महिनोन्‌महिने पडल्या पडल्या ऐकला.

पोळ्याच्या सुमाराला माझा घसा दुखला. ताप आला, गिळायला त्रास झाला, आत्याने गाठी दाबल्या, मी रडले, आणि थोड्या दिवसांत सगळं गेलं. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी माझा उजवा गुडघा भरताच्या वांग्याएवढा सुजला. पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवेना. आत्याने निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला. गुडघा उतरला आणि डावा घोटा धरला. घोटा उतरला तर मनगट. दुखणं असं पाहुण्यासारखं घरोघर फिरू लागल्यावर मायचा माझ्यावरचा विश्वास उडाला. जुड्या बांधायच्या वेळीच पोरीचं मनगट दुखतं, हे तिला काही पटेना.

"काल घोटा, आज मनगट," ती म्हणाली. "उद्या काय केस दुखतीन?"

मायचं चुकलं असं आज मला वाटत नाही. मी तेरा वर्षांची होते, कामचुकार होते, आणि तिच्या हाताखाली मी एकटीच होते. माझी धाकटी बहीण कमल माझ्याहून सात वर्षांनी लहान, तिची मदत म्हणजे बांधलेल्या जुड्या सोडून ठेवणं. पण एक दिवस मी विहिरीवरून लहानशी कळशी आणताना मधेच खाली बसले. श्वास पुरेना. आत्या बांधावर गवत काढत होती. ती आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिने बराच वेळ तसाच ठेवला. पाठीकडूनसुद्धा माझं काळीज धडधडताना तिला लागत होतं.

"किसन," तिने बाबांना हाक मारली, "उद्याच्या बंडीत हिले घाल. माल राहू दे."

माल राहू दे, हे शब्द मी आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकले. तोडलेली भाजी बाजारात गेली नाही तर ती बैलांपुढेच टाकावी लागते. मी तेव्हा खरी घाबरले.

आदिलाबादला बाजाराच्या मागच्या गल्लीत एक तेलुगू डॉक्टर बसत. उंच, सावळे, हिंदी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर वर नेणारे. त्यांनी माझे सांधे पाहिले, छातीला नळी लावली, मग उठून पंखा बंद केला आणि डोळे मिटून पुन्हा ऐकलं. उकाड्याने आम्हा सगळ्यांना घाम फुटला तरी ते ऐकतच होते. शेवटी त्यांनी विचारलं, "थोड़े दिन पहले इसका गला दुखा था क्या?"

बाबांना आठवेना. आत्याला आठवलं. "दुखला होता," ती म्हणाली, "पन तो तं म्या बरा केला."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाबांना समोर बसवून सावकाश सांगितलं. घशात जंतू आले, त्यांना मारायला शरीर उठलं, ते बरोबरच. पण त्या जंतूची आणि हृदयाची काही खूण सारखी असते, म्हणून जंतू गेल्यावरही शरीर स्वतःच्याच सांध्यांना आणि स्वतःच्याच हृदयाला शत्रू समजून मारत राहतं. सांधे आपोआप सुधारतात, काही मागे ठेवत नाहीत. हृदयाचं तसं नसतं. त्याच्या आत झडपा असतात, त्यांना सूज येऊन त्या बिघडल्या तर बिघडल्या. हिच्या हृदयात एक आवाज येतोय जो यायला नको. घसा पुन्हा असा दुखला तर हाच प्रकार पुन्हा होईल, आणि दर वेळी झडप आणखी खराब होईल.

परतताना बंडीत आत्याने विचारलं, "काय म्हने तो?" बाबांनी कासरा सैल सोडला. मग म्हणाले, "पाखरं हाकलाले आपन गोफन मारतो का नाही बाई. पाखरं उडून गेले, अन् दगड आपल्याच कनसाले लागून राह्यले." पुढे मी शिक्षिका झाले, पुष्कळ वाचलं, शरीर स्वतःशीच कसं भांडतं याची शास्त्रीय वर्णनंही वाचली. पण बाबांच्या त्या गोफणीइतकं नेमकं मला अजून कुठे मिळालं नाही.

मग ओसरीत माझी बाज पडली. उठायचं नाही, पळायचं नाही, पाण्याची कळशी तर लांबच. गोळ्या इतक्या की कानांत सतत रातकिडे ओरडत असायचे, भरदुपारीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, ओरडू देत, औषध लागू पडतंय. आत्या ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात कालवून आणायची, कधी वरणफळं करायची, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायची. कमलला माझी पहारेकरीण नेमलं होतं. मी नुसता पाय खाली सोडला तरी ती मळ्यापर्यंत ओरडत जायची, "माय, ताई उठून राह्यली." तिच्याइतकी इमानदार नोकरी पुढे कुणी केलेली मी पाहिली नाही.

आणि दर तीन आठवड्यांनी सुई. ते औषध दुधासारखं पांढरं आणि घट्ट, सुईतून उतरता उतरायचं नाही. आधी हातावर थोडंसं टोचून पाहायचं, मग कमरेत. नंतर दिवसभर पाय ओढत चालायचं, आणि परतीच्या बंडीचा एकेक गचका आठवणीत राहायचा. हे किती दिवस, असं बाबांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं, ही मोठी होईपर्यंत, आणि एकही चुकवायची नाही. घसा दुखला तर त्याच दिवशी यायचं. ही सुई म्हणजे दारावरचा पहारा आहे, एक दिवस पहारा नसला की झालं. थंडी संपेपर्यंत माझे सांधे पूर्ण सुधारले, ताप गेला, मला घरातल्या घरात हिंडायची परवानगी मिळाली. आवाज मात्र होता. दर वेळी पंखा बंद व्हायचा आणि दर वेळी डॉक्टर म्हणायचे, है अभी.

चैत्रात कमलच्या पोटावर दोन-तीन पाण्याचे फोड दिसले. मायने तिचा झगा वर करून पाहिला आणि हळूच खाली सोडला. आज आपण याला कांजिण्या म्हणतो. आमच्या घरी ती माता होती, आणि माता आली म्हणजे घर तिचं झालं. आत्याने दारावर कडुनिंबाचे डहाळे लावले. चपला बाहेर गेल्या. फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरणं बंद, शिवणटिपण बंद. पाहुण्याने यायचं नाही, घरातल्याने दुसऱ्याकडे जायचं नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे औषध नाही, सुई तर मुळीच नाही. आजारी लेकराला नाहीच, पण त्या घरातल्या कुणालाच नाही. सुई टोचलेलं माणूस घरात आलं तर माता रागावते आणि जाताना लेकराचे डोळे घेऊन जाते, हे आमच्याकडे सगळे मानत. गावात एक म्हातारा तसा आंधळा होता, आणि त्याच्याकडे बोट दाखवलं की पुढचं बोलणं संपत असे.

माझी सुई त्याच आठवड्यात होती. पहिले एक-दोन दिवस कुणी विषय काढला नाही. मग सुईचा दिवस आला आणि गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायले आणि ते घशातून खाली जाताना टोचलं. मला माता लहानपणीच येऊन गेली होती, म्हणजे हे तिचं दुखणं नव्हतं. मी तशीच चुलीपाशी गेले आणि मायला सांगितलं, "घसा दुखून राह्यला."

मायच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. बाबा ओसरीतून आत आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कमलच्या बाजेकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी हिले नेतो."

"अन् मंग इचे डोये?" माय म्हणाली. ती ओरडली नाही. माता असलेल्या घरात कुणी ओरडत नाही. "एकीचं काळीज वाचवाले दुसरीचे डोये देऊ काय मी? सांगा नं. तुमी सांगा, मी आयकतो."

 मला तर दोघांचंही पटत होतं. माझ्या छातीतला तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण कमलचे डोळे मला समोर दिसत होते. ती फोडांनी भरली होती, खाजवू देत नाहीत म्हणून चिडली होती, आणि तशातही मी उभी आहे हे पाहून मायला म्हणत होती की ताईला निजव. मला रडू आलं, आणि रडताना घसा आणखी दुखला.

आता राहिली आत्या. मातेचे नियम तिच्याइतके कडक गावात कुणी पाळत नसे. शेजारणीच्या घरी माता असताना तिने भज्याचा वास आला म्हणून अख्ख्या आळीला धारेवर धरलं होतं. त्यामुळे ती काय म्हणणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिने मला उजेडात नेऊन आ करायला लावलं, आत पाहिलं, पण या वेळी बोट घातलं नाही. तोंड धुतलं, मूठभर ज्वारी पदरात बांधली आणि म्हणाली, "चला. तिलेच इचारू."

गावाच्या वेशीवर निंबाखाली मातामायचा शेंदरी दगड आहे. तेलुगू लोक तिला पोचम्मा म्हणतात, नारळ दोघेही फोडतात. तिला कौल लावायची रीत अशी की दगड पाण्याने ओला करायचा, त्याच्या दोन खांद्यांवर ज्वारीचा एकेक दाणा चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवा दाणा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. माय कमलपाशी राहिली. बाबा, मी आणि आत्या उन्हात निघालो.

आत्याने पाणी घातलं, दाणे लावले, हात जोडले. "मातामाय, धाकटी तुह्या पाळण्यात हाय. मोठीले सुईले न्याचं हाय. नेऊ काय?"

फार वेळ गेला नाही. डावा दाणा घरंगळला.

बाबांनी मान फिरवली.  कौल लागल्यावर त्यावर बोलायचं नसतं, घरी जायचं असतं. पण आत्या जागची हलली नाही. तिने दगडावर पुन्हा पाणी घातलं, पुन्हा दोन दाणे लावले, आणि घरी ती बाबांशी बोलायची त्याच सुरात म्हणाली, "बरं. नको म्हणतेस. मंग हिच्या काळजाची जबाबदारी तू घेतेस काय? घेत असशीन तं उजवा दे. मी गुमान घरी जाऊन बसतो."

या वेळी दाणे पडेनात. ऊन तापलं होतं, दगडावरचं पाणी सुकत चाललं होतं. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग डावाच दाणा सुटला आणि खाली मातीत पडला.

आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि लुगडं झटकलं. "आयकलं नं किसन? ते घेत नाही म्हनते. मंग कोनं तरी घ्यालेच पाह्यजे. बंडी जुंप."

 माझी अर्धी भीती तिथेच गेली. इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं की आत्याने देवीचा शब्द कुठेही मोडला नाही. ती फक्त दुसरा प्रश्न विचारायला थांबली, आणि तो विचारायचं धाडस तिथे फक्त तिच्यातच होतं.

घराच्या दारात येऊन तिने बाहेरूनच मायला सांगितलं. मी अन् पोरगी आता माता जाईपर्यंत घरात पाय ठेवत नाही, मळ्यातल्या खोपटात राहू. सुई तुझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मातेला रागवायचंच असेल तर माझ्यावर रागावेल, मी नेलं आहे. माय आत गेली. तिने माझी शाल बाहेर आणून दिली आणि माझ्या छातीवरून एकदा हात फिरवला.

डॉक्टरांनी घसा पाहिला आणि उशीर का केला म्हणून बाबांवर चिडले. आत्याने मधे पडून आपल्या मराठीत सगळी हकिगत ऐकवली, माता, निंब, कौल, सगळं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी सुई तयार करायला घेतली. टोचून झाल्यावर आत्याने विचारलं, "धाकटीच्या डोयाले काही होईन काय?" बाबांनी हिंदीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक काही होणार नाही. डोळे उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा, नखं काढा, खाजवू देऊ नका. मातेच्या दिवसांत नखं काढणंही बंद असतं. आत्या म्हणाली, "नखं नाही काढत. हातावर पिशव्या बांधाले सांगतो."

खोपटात आम्ही दोघी राहिलो. चारी बाजूंनी वांगी, वर मचाण, आणि विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आता अगदी कानाशी. बाबा घरून बिनफोडणीचं वरण आणि भाकर आणून बांधावर ठेवायचे, आम्ही जाऊन उचलायचो. बाबा दिसले की आत्याचा एकच प्रश्न, "उघडते काय डोये?" उघडते म्हणाले की ती भाकर मोडायची. मी रोज उठल्याबरोबर पांघरुणात गुडघे दुमडून पाहायची, मग घोटे, मग मनगटं. घसा लवकरच सुधारला. पण डॉक्टर म्हणाले होते की दुखणं येतं ते घसा सुधारल्यानंतर, काही आठवड्यांनी. म्हणून सुटल्यासारखं वाटायची सोय नव्हती. आत्या दिवसातून दोनदा माझ्या पाठीवर हात ठेवून बसायची. तिच्या डोळ्याला त्या दिवसांत डोळा लागत नव्हता, हे तिने सांगितलं नाही, पण दुपारी निंदता निंदता ती बसल्या जागी डुलक्या घ्यायची.

मग एका सकाळी बांधावर भाकर घेऊन बाबांच्या ऐवजी कमलच आली. डोकं निंबाच्या पाण्याने धुतलेलं, अंगभर खपल्यांचे डाग, आणि दोन्ही डोळे टक्क उघडे. मातेला दहीभाताचा नैवेद्य दाखवून वाटेला लावलं होतं. आत्याने तिला धरलं, तिच्या एकेक डोळ्यासमोर बोट फिरवलं, हे किती, ते काय, म्हणून विचारलं, आणि मग वांग्यांच्या सरीतच बसून हसायला लागली. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि पुढचे कितीतरी आठवडे गुडघे दुमडून पाहताना ते हायसं वाटणं रोज थोडं थोडं वाढत गेलं. कारण दुखणं आलं नाही. त्या वेळी नाही, आणि पुढेही नाही.

त्यानंतर सुई चुकली नाही. घरी पाहुणे येवोत, लग्न असो, बंद असो, आत्याने ती चुकू दिली नाही. पुढे कुणाकडे माता आली की गावातल्या बायका तिला विचारायला येत, आणि ती नियम पूर्वीइतकेच कडक सांगायची. मी बारावी झाले, शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, सुई सुरूच. गेल्या वर्षी नागपूरला पडद्यावर माझ्या हृदयाचं चित्र काढलं. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक झडप किंचित जाड दिसते, लहानपणी काही झालं होतं का? मी म्हटलं, झालं होतं. त्या म्हणाल्या, काळजीचं कारण नाही.

पण काळजी संपल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्या कितीतरी आधी, आदिलाबादच्या त्याच खोलीत. मला नोकरी लागली होती, डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते, आणि आत्या हट्टाने बरोबर आली होती. त्यांनी पंखा बंद केला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं, पाठीकडूनही ऐकलं. मग म्हणाले, आवाज नाही. सुई आता बंद. आत्या म्हणाली, "नाही म्हंजे? इतके वर्सं होता नं?" डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, नळी आपल्या गळ्यातून काढली, तिच्या कानांत घातली आणि दुसरं टोक माझ्या छातीवर ठेवलं.

आत्या ऐकायला लागली. तिचा चेहरा हलला नाही. बाहेर बाकावरचे लोक खोळंबले होते, एकाने दारातून डोकावूनही पाहिलं. डॉक्टरांनी हात पुढे केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "चालून राह्यलं."